उसने खड्डे

माझ्या हातून आयुष्यात एकच आंतरराष्ट्रीय घोटाळा होता होता राहिला.

परदेशी रकमा पाठवण्याच्या टेबलावर मी तेव्हा नवा होतो. म्हणजे बँकेत जुना, टेबलावर नवा. एका गिऱ्हाइकाचे पैसे युगांडाला जायचे होते. संगणकाच्या पडद्यावर जगातल्या सगळ्या देशांची यादी उघडते आणि तीतून आपल्याला हवा तो देश निवडायचा असतो. यादी इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने. तुर्कस्तान, तुर्कमेनिस्तान असे करीत माझे बोट युगांडापाशी पोचले आणि नेमका त्याच वेळी चहावाला आला. मी कपाकडे पाहिले, बोट एक ओळ वर सरकले, आणि कागद साहेबांच्या सहीला गेला. साहेबांनी चष्मा कपाळावर ढकलला. साहेबांनी चष्मा कपाळावर ढकलला की समजावे, त्यांना आता नीट दिसते आहे.

"हे तुवालू काय आहे?"

"देश आहे, साहेब."

"असा देश आहे?"

"आहे ना! माझ्याकडे त्याचं तिकीट आहे."

साहेब एकदम गप्प झाले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत शाखेत बातमी पसरली होती की मी कोणालाही न सांगता परदेशी चाललो आहे. युनियनच्या सेक्रेटरींनी बाजूला घेऊन विचारले, "प्रवास सवलतीत तुवालू कसं काय बसवलंत? आम्हाला माथेरान बसत नाही."

तिकीट होते टपालाचे. लहानपणी डोंबिवलीच्या आमच्या चाळीत तिकिटे जमवण्याची साथ आली होती. त्या साथीत मी दोन रशियन आणि एक मॅग्यार देऊन तुवालूचे एक तिकीट मिळवले. त्यावर आगगाडीचे झकास वाफेचे इंजिन होते. डोंबिवलीच्या मुलाला आणखी काय हवे? त्या इंजिनाकडे बघत मी कित्येकदा ठरवले होते, की मोठेपणी तुवालूला जायचे आणि तिथल्या गाडीतून, खिडकीशी बसून, हिंडायचे.

युगांडाचे प्रकरण निस्तरल्यावर घरी येऊन मी जुना अल्बम काढला आणि या देशाची जरा चौकशी केली. तेव्हा कळले की तुवालूत रेल्वे नाही. कधी नव्हतीही. तिथली आगगाडी फक्त तिकिटावर धावली. परदेशातल्या माझ्यासारख्या पोरांना विकण्यासाठी १९८० च्या दशकात त्या देशाने इंजिने, मोटारी असल्या चित्रांची तिकिटे ढिगांनी काढली. विकायला दुसरे काही फारसे नव्हते. दोन रशियन आणि एक मॅग्यार देऊन मी एका गरीब देशाच्या तिजोरीला हातभार लावला होता, हे समजायला मला तीस वर्षे लागली.

तर हा तुवालू. प्रशांत महासागराच्या ऐन मध्यावर, फिजीच्या उत्तरेला, नऊ चिमुकली प्रवाळी बेटे. सगळी जमीन गोळा केली तरी सुमारे २६ चौरस किलोमीटर, म्हणजे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा चौथा हिस्सा. २०१७ च्या शिरगणतीत माणसे भरली १०,६४५. आमच्या डोंबिवली स्टेशनात एक जलद गाडी रद्द झाली की एवढी माणसे फलाटावरच असतात. यातली सहा हजारांहून अधिक राहतात फुनाफुटी या राजधानीच्या बेटावर. फुनाफुटी म्हणजे तरी काय, तर मधे मोठे खारे तळे आणि त्याच्याभोवती बांगडीच्या फुटक्या तुकड्यांसारखी बेटुकली. त्यातले सर्वांत लांब फोंगाफाले. लांबी बारा किलोमीटर, रुंदी कुठे दहा मीटर तर कुठे फार तर चारशे. जिथे ती चारशेच्या घरात जाते तिथे वैआकू नावाचे गाव आहे. गावात सरकारी कचेरी, बँक, एक हॉटेल, आणि या सगळ्यांना चिकटून विमानतळ. देशातली सर्वांत ऐसपैस जागा, आणि तिच्यावर उभी-आडवी पसरलेली पाच हजार फुटांची धावपट्टी. नऊ खणांच्या लुगड्यातल्या पाच खणांचा रुमाल करावा तसा हा प्रकार.

या विमानतळाची जगभरच्या विमानवाल्यांनी ठरवलेली खूण आहे 'एफ यू एन'. म्हणजे 'फन'. म्हणजे मौज. आणि मौज खरोखरच होती. हजार किलोमीटरवरच्या फिजीतून विमान यायचे ते आठवड्यातून मोजून काही वेळा. उरलेल्या वेळात एवढी मोठी सपाट जागा रिकामी ठेवणार कोण? कित्येक वर्षे संध्याकाळी गाव धावपट्टीवर लोटायचे. इकडे फुटबॉल, तिकडे व्हॉलीबॉल, मधून फटफट्या, कडेने बायकांच्या गप्पा. उकाड्याच्या रात्री लोक चटई आणि उशी घेऊन तिथेच झोपायला जात. विमान यायचे झाले की भोंगा वाजे, अग्निशामक गाडी एक फेरी मारून कुत्री, डुकरे आणि पोरे हाकलून लावी, विमान उतरे, निघून जाई, आणि थांबलेला सामना पुढे सुरू होई. हे वाचून मला आमच्या गल्लीतले क्रिकेट आठवले. आम्हीही "गाडी आली, गाडी!" असे ओरडून स्टंप उचलत असू. फरक एवढाच की आमच्याकडे येणारी गाडी रद्दीवाल्याची असे.

पण ही धावपट्टी तिथे आली कशी? मी पडलो वाणिज्य शाखेचा पदवीधर. इतिहास दहावीनंतर सुटला. तरी कोणतेही खाते पुढे ठेवले की पहिली नोंद कधीची हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून मागे गेलो.

पहिलीच नोंद आमच्या धंद्यातली निघाली. १८१९ साली दि पेस्टर नावाचा कप्तान 'रेबेका' नावाचे जहाज घेऊन फुनाफुटीवरून जात होता. त्याने बेट पाहिले आणि त्याला नाव देऊन टाकले एलिस. एडवर्ड एलिस हे ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद होते आणि, मुख्य म्हणजे, जहाजातल्या मालाचे मालक होते. पुढे सगळ्याच बेटांना एलिस बेटे म्हणू लागले. ज्याचा माल त्याचे नाव. बेटावरच्यांनी शेकडो वर्षे ठेवलेल्या नावाची चौकशी करायला कप्तानाला सवड नसावी. पावतीवर नाव लिहिताना आम्हीही फारशी चौकशी करत नाही.

दुसरी नोंद मात्र काळ्या शाईची आहे. १८६३ साली पेरू देशातून माणसे गोळा करणारी जहाजे आली. चांगले काम देऊ, देवाधर्माचे शिकवू अशा थापा मारून फुनाफुटी आणि शेजारचे नुकुलाएलाए या दोन बेटांवरून चारशेच्या वर माणसे त्यांनी चढवली. परत जवळजवळ कोणी आलेच नाही. एवढ्याशा बेटांवरून चारशे! मागे राहिलेल्यांनी किती दिवस समुद्राकडे डोळे लावले असतील याचा हिशेब कुठल्या वहीत सापडत नाही.

त्यानंतर आले विद्वान. चार्ल्स डार्विनने म्हणून ठेवले होते की जुने ज्वालामुखी हळूहळू समुद्रात बुडतात आणि त्यांच्या खांद्यावर प्रवाळ वाढत वर येतो, त्यातून असली बांगडीसारखी बेटे होतात. हे खरे की खोटे ते बघायला लंडनच्या रॉयल सोसायटीने १८९६, १८९७ आणि १८९८ अशी लागोपाठ तीन वर्षे फुनाफुटीवर भोके पाडली. शेवटचे भोक १,११४ फूट खोल गेले. खाली काय लागले? प्रवाळ, वाळू, चुना, आणि पुन्हा प्रवाळ. ज्वालामुखीचा खडक काही लागला नाही. (तो लागला १९५२ साली, दुसऱ्याच एका बेटावर, चार हजार फुटांच्याही खाली. डार्विन बरोबर होता, फक्त सत्तर वर्षे आधी वारला होता.) १८९७ च्या तुकडीचे प्रमुख होते प्रोफेसर एजवर्थ डेव्हिड. त्यांच्याबरोबर त्यांच्या पत्नीही गेल्या होत्या. प्रोफेसर तीन महिने जमिनीत बघत राहिले आणि बाईंनी तीन महिने गावाकडे बघितले. १८९९ साली त्या मुक्कामावर बाईंनी पुस्तकही लिहिले. हे आमच्या सौभाग्यवतींना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यात काय नवल? पुरुषांना भोकच दिसतं." मी विषय वाढवला नाही.

एकूण काय, फुनाफुटीवर जो कोणी येतो तो काहीतरी खणायला येतो, हे गावाला तेव्हाच कळायला हवे होते.

२ ऑक्टोबर १९४२ रोजी अमेरिकन सैनिक उतरले. जपानी फौजा उत्तरेकडच्या गिल्बर्ट बेटांपर्यंत आलेल्या होत्या, आणि त्यांच्यावर चाल करायला अमेरिकेला पाय ठेवण्यापुरती जागा हवी होती. उतरल्यावर महिना-दीड महिन्यात एक गंमतीचा पाहुणा त्यांच्या हाती लागला. पहिल्या महायुद्धातला नामांकित विमानवीर एडी रिकनबॅकर एका बाँबर विमानातून चालला असताना वाट चुकला, इंधन संपले, आणि विमान समुद्रात उतरवावे लागले. रबरी तराफ्यांवर तो आणि त्याचे सोबती चोवीस दिवस तरंगत होते. एक दगावला. आठव्या दिवशी एक समुद्रपक्षी आपण होऊन रिकनबॅकरच्या डोक्यावर येऊन बसला. त्याने तो हळूच पकडला आणि सगळ्यांनी वाटून खाल्ला. शेवटी फुनाफुटीहून टेहळणीला निघालेल्या पाणविमानाला ही मंडळी दिसली. त्याला आणले फुनाफुटीलाच.

पाणविमाने तळ्यात उतरत. पण मोठी बाँबर विमाने पाण्यात उतरत नाहीत, त्यांना जमीन लागते. आणि जमिनीवर उभे होते माड.

आता ज्याला कोकण ठाऊक नाही त्याला माड म्हणजे काय ते सांगून कळायचे नाही. शिवाय फुनाफुटीला भात नाही, डोंगर नाही, नदी नाही. आहे तो माड, फणसाच्या जातभाईतले एक विलायती फणसाचे झाड, केवडा, आणि 'पुलाका'. हा पुलाका म्हणजे आपल्या अळवाचा थोरला भाऊ. त्याचे कंद खातात. तो खाऱ्या जमिनीत येत नाही, म्हणून प्रवाळाच्या थरात पार गोडे पाणी लागेपर्यंत खड्डे खणायचे, त्यात पालापाचोळा कुजवून माती तयार करायची आणि मग लावायचा. आजोबांनी खणलेल्या खड्ड्यात नातू पुलाका लावतो. माती ही वस्तू तिथे अशी पिढ्यापिढ्यांनी हाताने बनवलेली.

त्यावर यंत्रे फिरली. फुनाफुटी, नुकुफेताऊ आणि नानुमेया या तीन बेटांवर तीन धावपट्ट्या झाल्या. त्यात किती झाडे गेली त्याचा अंदाज नोंदलेला आहे: माड ५५,६७२, विलायती फणस १,६३३, केवडा ७९७.

हा आकडा वाचून मी थबकलो. याला अंदाज म्हणतात? अंदाज असतो तो पंचावन्न हजार. फार तर छप्पन्न हजार. बावीस वर्षे आकड्यांत घालवल्यावर माणसाला एवढे कळते, की शेवटी शून्य असेल तर तो अंदाज आणि शेवटी बहात्तर असेल तर कोणीतरी मोजले आहे.

आकडा डोक्यात ठेवून मी त्या उन्हाळ्यात गुहागरला मामांकडे गेलो. मामांच्या वाडीतले सात माड काही वर्षांपूर्वी रस्तारुंदीत गेले. त्यातला एक माझ्या आईच्या बारशाच्या वर्षी लावलेला. एक वीज पडून टाळके जळालेला, तरी चार वर्षांनी पुन्हा धरलेला. एक भुताचा, म्हणजे त्याच्याखाली रात्री कोणी बसत नसे. मोजणीला आलेल्या साहेबांनी यादीत सहाच लिहिले. सातवा म्हणे वाकडा आहे, त्याचा शेंडा रस्त्यावर येतो, सबब तो मुळातच सरकारी जागेत आहे. मामा म्हणाले, "मूळ माझ्या परसात आहे हो." साहेब म्हणाले, "नारळ कुठं पडतात?" या बिनतोड युक्तिवादापुढे मामा हरले. सहा माडांचा चेक आला तो अकरा वर्षांनी, आणि त्यावर मामांच्या आडनावात एक काना जास्त. स्थानिक बँकेने तो परत पाठवला. त्या दिवशी मामांनी फोनवर मला जे सुनावले ते संपूर्ण बँकिंग व्यवसायाला उद्देशून होते, आणि त्यातले बरेचसे खरे होते.

मामांना मी तुवालूचा आकडा सांगितला. ते सुपारी कातरत होते. अडकित्ता हवेतच राहिला.

"किती म्हणालास?"

मी पुन्हा सांगितला.

"तोडले?"

"तोडले. विमानतळासाठी."

मामा उठून वाडीत गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मामी मला म्हणाली, "असलं काही जेवायच्या आधी सांगत जाऊ नकोस रे."

तसे पाहिले तर ही काही एकट्या फुनाफुटीची कथा नाही. आमच्या कल्याणजवळ नेवाळीलाही त्याच महायुद्धात ब्रिटिशांनी धावपट्टीसाठी शेतजमिनी घेतल्या होत्या. युद्ध संपले, ब्रिटिश गेले, आणि २०१७ च्या जूनमध्ये त्याच जमिनींसाठी शेतकरी रस्त्यावर उतरले, गाड्या जळल्या, आमची कल्याणची शाखा दुपारीच बंद करावी लागली. युद्ध सहा वर्षांत संपते. त्याची खाती उघडीच राहतात.

परत फुनाफुटीकडे. माड तोडून जागा झाली, पण नुसत्या वाळूवर विमान उतरत नाही. भरावाला प्रवाळ हवा. तो आणायचा कुठून? बाजूलाच खणायचा. धावपट्टीच्या आसपास आणि बेटाच्या दोन्ही टोकांना मिळून दहा मोठे खड्डे झाले. भरावासाठी जवळच खणलेल्या असल्या खड्ड्याला इंजिनिअर लोक 'बॉरो पिट' म्हणतात. आमच्या बांधकाम खात्यातही हाच शब्द चालतो. बॉरो म्हणजे उसने घेणे. उसना खड्डा! मला हा शब्द अतिशय आवडला. इंजिनिअरांच्या भाषेत एवढी सभ्यता असेल असे वाटले नव्हते. आपण शेजारून वाटीभर साखर उसनी आणतो, तसा यांनी बेटाचा तुकडा आणला. मात्र उसनवारीचा एक नियम आहे. वाटी परत करायची असते, आणि ती रिकामी करायची नसते.

धावपट्टी झाली आणि लगेच कामाला लागली. २० एप्रिल १९४३ रोजी बावीस लिबरेटर विमाने तिथून उडाली आणि नाउरू बेटावर बाँब टाकून आली. उत्तर यायला वेळ लागला नाही. जपानी विमाने आली, आणि त्या वर्षी पुन्हा पुन्हा येत राहिली. ज्या गावाकडे जगातले कोणी ढुंकून पाहत नव्हते ते आता नकाशावर लाल खुणेचे ठिकाण झाले. गावाने कोणाशी भांडण केले नव्हते.

एप्रिलमधल्याच एका हल्ल्याच्या वेळी गावातली ६८० माणसे देवळात जाऊन बसली. चर्चच म्हणा, पण संकटात जायची जागा या अर्थी देऊळच. भिंती काँक्रिटच्या, वर केवड्याच्या पानांचे शाकारलेले छप्पर. गावातली तेवढीच एक भक्कम इमारत. लॅड नावाच्या एका अमेरिकन कॉर्पोरलला हे दिसले. कॉर्पोरल म्हणजे आमच्या भाषेत हेडक्लार्कच्याही खालचा माणूस. कोणालाही हुकूम सोडण्याचा त्याला अधिकार नव्हता. तो आत शिरला आणि सगळ्यांना बाहेर पडा, खंदकात चला म्हणून विनवू लागला. देवाच्या घरातून उठून जमिनीतल्या बिळात जायचे हे लोकांना पटेना. पण त्याने पिच्छा सोडला नाही. शेवटी सगळे उठले. थोड्याच वेळात देवळावर बाँब पडला. त्या हल्ल्यात दोन शिपाई आणि गावातला एक म्हातारा गेले. देवळात बसलेले ६८० वाचले.

मी या लॅडचा फार विचार केला. वरून लेखी आदेश नसताना मी नोकरीत आजवर कोणाला खुर्चीवरूनसुद्धा उठवलेले नाही. आणि हाही विचार मनात आला, की धावपट्टी नसती तर बाँब पडला नसता, आणि बाँब पडला नसता तर लॅडची गरज लागली नसती. जमा आणि खर्च दोन्ही एकाच पार्टीच्या नावावर. अमेरिकनांनी गावाला काही दिले नाही असेही नाही. इस्पितळ आले, डबाबंद खाणे आले, पूर्वी न पाहिलेल्या चिजा आल्या. बेटावरच्या पोरांना ते दिवस जत्रेचे वाटले असले तर नवल नाही. मग युद्ध संपले आणि जत्रा उठली. धावपट्टी राहिली. खड्डेही राहिले.

प्रवाळ म्हणजे चाळणी. भरती आली की खालून खारे पाणी खड्ड्यात चढायचे, ओहोटीला उतरायचे. त्या जागी आता ना माड लागत होता ना पुलाका. गावाचा केर तिथे पडू लागला. पुढे बाहेरच्या बेटांवरून राजधानीत आलेल्या, जागा न मिळालेल्या गरिबांनी त्या खड्ड्यांच्या काठावर, खांब रोवून, झोपड्या घातल्या. खाली पाणी, केर, डुकरे आणि डास. भाडे नाही, हीच एक सोय. मुंबईला राहणाऱ्याला यापुढचे वर्णन करून सांगायची गरज नाही.

दरम्यान देशाची वाटणी झाली. गिल्बर्ट आणि एलिस ही दोन बेटसमूहांची जोडी ब्रिटिशांनी एकाच कारभारात बांधली होती. एलिसवाल्यांना वेगळे व्हायचे होते. १९७४ साली मतदान झाले: वेगळे होऊ म्हणणारे ३,७९९, नको म्हणणारे २९३. ब्रिटिशांनी अट घातली, की वेगळे व्हाल तर एक जहाज मिळेल, बाकी काही नाही. फॉस्फेटच्या खाणीतला हिस्सा तर नाहीच. भाऊबंदकीत एका भावाला घर, जमीन, दागिने आणि दुसऱ्याला ओसरीतला झोपाळा, असा हा निवाडा. त्यांनी झोपाळा घेतला. (फॉस्फेटची ती खाण १९७९ सालीच आटोपली. थोरल्या भावालाही फार दिवस लाभली नाही.) १ ऑक्टोबर १९७८ रोजी तुवालू स्वतंत्र झाला. एलिससाहेबांचे नाव एकदाचे उतरले.

आणि मग एक मौज निघाली. अमेरिकेच्या जुन्या कागदांत यातल्या चार बेटांवर अमेरिकेचाच दावा होता, आणि त्या चारांत फुनाफुटीही! एकोणिसाव्या शतकात पक्ष्यांच्या विष्ठेच्या खतासाठी केलेल्या एका कायद्याखाली तो नोंदवून ठेवलेला. १९७९ साली करार करून अमेरिकेने तो सोडला. म्हणजे साखर उसनी नेणाऱ्याच्या ट्रंकेत शेजारच्या घराचे खरेदीखत निघावे, तसे झाले.

नव्या देशाने संसार कसा केला, हे खरे तर आमच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवायला हवे. तिकिटे विकली, ते वर आलेच. १९८७ साली मित्रदेशांकडून वर्गणी काढून एक कायमठेव उभी केली आणि तिच्या उत्पन्नावर घरखर्चाची तोंडमिळवणी सुरू केली. पुढे इंटरनेटच्या पत्त्यांसाठी देशोदेशी दोन-दोन अक्षरे वाटली गेली, त्यात तुवालूला मिळाली 'टी व्ही'. जगातल्या सगळ्या टेलिव्हिजनवाल्यांना हवी असलेली हीच दोन अक्षरे. ती भाड्याने देऊन आलेल्या पैशांतून २००० साली तुवालू संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला. माझ्या नावाच्या आद्याक्षरांना आजवर कोणी चहासुद्धा पाजलेला नाही.

खड्डे मात्र तसेच होते. ते बुजले २०१५ साली. तळ्यातली वाळू उपसून ती दहाही खड्ड्यांत भरली आणि फोंगाफालेवरची वापरायची जमीन एकदम आठ टक्क्यांनी वाढली. आठ टक्के! पैसे कोणी दिले? न्यूझीलंडने. खड्डे खणले अमेरिकेने, बुजवले न्यूझीलंडने. कर्ज एकाने घ्यावे आणि फेडावे जामीनदाराने, हे आमच्याकडे रोजच घडते. पण इथे जामीनदाराने सहीसुद्धा केलेली नव्हती.

मी हिशेब मांडला. १९४३ ते २०१५, बरोबर बहात्तर वर्षे. आमच्या धंद्यात बहात्तरचा एक ठोकताळा आहे: व्याजाच्या दराने बहात्तरला भागले की रक्कम किती वर्षांत दुप्पट होते ते निघते. सहा टक्के धरा. बारा वर्षांत दुप्पट, बहात्तर वर्षांत सहा वेळा दुप्पट, म्हणजे चौसष्ट पट. एका घमेल्याची चौसष्ट घमेली. फुनाफुटीला मिळाले ते निव्वळ मुद्दल, तेही स्वतःच्याच तळ्यातून उपसून.

एप्रिल २०२५ मध्ये वैआकूच्या बँकेत देशातले पहिले एटीएम बसले आणि पंतप्रधानांनी समारंभाने त्याचे उद्घाटन केले. आमच्या शाखेचे यंत्र त्याच सुमारास तीन दिवस बंद होते, त्यामुळे मला त्या समारंभाचे विशेष कौतुक वाटले. पण त्याच वर्षी दुसरी एक रांग लागली. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारानुसार दरवर्षी २८० तुवालूकरांना तिकडे कायमचे जाऊन राहता येते. कराराचे नाव 'फालेपिली', म्हणजे अगदी आपला शेजारधर्म. नावे सोडतीने काढायची, अर्जाची फी पंचवीस डॉलर. पहिल्याच सोडतीला घरच्यांसह ८,७५० जणांची नावे आली. म्हाडाच्या सोडतीत तीनदा अर्ज भरलेल्या माणसाला या आकड्यांचा अर्थ लगेच कळतो: वर्षाला २८० म्हणजे शेवटच्याचा नंबर लागायला एकतीस वर्षे. कारण उघड आहे. त्या देशातली उंचातली उंच जागा पाच मीटरही नाही, आणि मोठ्या भरतीला पाणी आता किनाऱ्यावरून येण्याची वाटही पाहत नाही, अंगणातूनच वर येते. बहात्तर वर्षांनी खड्डे बुजले, तोवर समुद्राने आपली वसुली सुरू केली होती. जाणारे जाणार ते त्याच धावपट्टीवरून, भोंगा वाजल्यावर.

हे सगळे परवा मामांना फोनवर सांगितले. आता त्यांना ऐकू कमी येते, त्यामुळे मी ओरडत होतो आणि शेजारी खिडक्या लावत होते. खड्डे बुजवले म्हटल्यावर मामांनी विचारले, "मग माड लावले का परत?"

"दाटी फार आहे मामा तिथं. जागा मिळाली तर माणसं आधी घर बांधतात."

"हं." बराच वेळ लाइनवर नुसती खरखर. मला वाटले फोन ठेवला.

"पंचावन्न हजार किती रे?"

"सहाशे बहात्तर."

"मोजले कोणी?" मामांनी विचारले. "नाही, एकेक करून मोजले कोणी?"